ओरडण्याची शिकवणी

आमच्या पाड्यावरची पहिली बी.ए. मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात या पदवीचा फारसा उपयोग झालेला दिसणार नाही आणि वाचणाऱ्याचा गैरसमज नको. पदवी खरी आहे. काळ्या झग्यातला फोटोही आहे. झगा भाड्याचा होता, चेहरा माझा.

पदवीइतकंच खरं माझं रक्त. मला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायला हव्यात, माझ्या वाकतात. विळ्यासारख्या होतात, एकमेकींत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथलं हाड आतून ठणकायला लागतं. सुरगाण्याकडं आमच्या प्रत्येक घरात भात कापायचा विळा कुडाला खोचलेला असतो. तो रक्तातही असतो हे कळायला मात्र मला नाशिकला कॉलेजात यावं लागलं. तिथं तपासणी झाली आणि माझ्या दुखण्याला नाव मिळालं. त्याआधी ते वात होतं, मग बाहेरचं होतं, मग 'पोरीला शाळा नको म्हणून नाटकं' होतं.

नाटक मात्र मला येत नव्हतं. आमच्या घरात दुखलं तर ओरडायचं नाही अशी पद्धत. घर आणि गोठा यांच्यात कुडाची एकच भिंत, माणूस ओरडलं की बैल बुजतात आणि दावं तोडतात, असं आजोबांचं म्हणणं. आम्हा भावंडांना जन्म देतानाही बैलांची झोप मोडू दिली नाही, हे आई आजही अभिमानानं सांगते. मला दुखायला लागलं की मी गोधडीचं टोक दातांत धरायची आणि पायाची बोटं आत वळवून घ्यायची. दुखणं जितकं मोठं तितकी बोटं घट्ट. आईला तेवढ्यावरून कळायचं. ती पायाकडं बघायची आणि चुलीवर पाणी ठेवायची.

नाशिकच्या हॉस्टेलात चूल नव्हती आणि माझ्या पायाकडं बघणारं कुणी नव्हतं. थंडी मात्र भरपूर. डिसेंबरात द्राक्षवाल्यांच्या काळजीनं रेडिओ थंडीच्या बातम्या द्यायचा. द्राक्षांची काळजी सगळ्या जिल्ह्याला असते. त्याच थंडीनं माझी हाडं धरायची. पहिल्यांदा मैत्रिणींनी मला जवळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आणि एक इंजेक्शन दिलं. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. ते खोलीतून उठून ओसरीवर जाऊन बसलं. मला दिसत होतं, पण अंगाला लागत नव्हतं. मी त्यांना औषधाचं नाव विचारलं. शिकलेली मुलगी, विचारणारच. ते म्हणाले, "पेथिडिन. लक्षात ठेव, पुढं सांगायला लागेल."

मी लक्षात ठेवलं. इथंच घोळ झाला.

पुढच्या थंडीत ते डॉक्टर उरले नव्हते, म्हणून मी एका मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात गेले. आईची शिकवण अशी की दवाखान्यात चांगलं जावं, गबाळं गेलं की हाकलून देतात. तेव्हा दुखत असतानाच मी तोंड धुतलं, वेणी घातली, गादीखाली दाबून इस्त्री झालेला ड्रेस घातला. बोलायचं कसं तेही ठरवलेलं होतं. रेडिओवर बातम्या देतात तशी मराठी. आमची डोंगराकडची कोकणी बोली ऐकून कॉलेजात मुलं हसायची, डॉक्टरांना ती संधी द्यायची नव्हती.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"डॉक्टर, मला सिकलसेलचा आजार आहे. पाठीत आणि मांड्यांमध्ये तीव्र वेदना आहेत. मागच्या वेळी पेथिडिननं आराम पडला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या तुम्ही?"

"सुरगाण्याकडची."

"सुरगाणा," ते म्हणाले. "आणि पेथिडिन. हे नाव कुणी शिकवलं?"

"डॉक्टरांनीच."

"दुखतंय म्हणता आणि व्याख्यान देताय. खरं दुखणारा माणूस असा बोलतो का?" मग सिस्टरकडं वळून, मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "या इंजेक्शनची सवय लागते या लोकांना. हिची बॅग बघून घ्या."

सिस्टरनं बॅग बघितली. राज्यशास्त्राचं पुस्तक, कंगवा आणि नागलीची अर्धी भाकरी निघाली. तिन्हींचीही सवय मला होती, हे खरं. इंजेक्शन तर आयुष्यात एकदाच मिळालेलं. सवय लागलीच असेल तर दुखण्याला माझी लागली होती, पण त्याची बॅग कोण तपासणार.

मला सलाईन लावलं आणि ताकदीचं पिवळं औषध त्यात सोडलं. मी गप्प पडून राहिले, बोटं वळवून. समोरच्या कॉटवर मालेगावकडची एक बाई होती, मुतखड्याची. भरदार शरीर, हातभर बांगड्या आणि आवाज असा की बाहेरचे रिक्षावाले आत डोकावत. ती ओरडली की सिस्टर धावायची, डॉक्टर धावायचे, वॉर्डबॉयसुद्धा उगाच धावायचा. तिला इंजेक्शन मिळालं, ती शांत झाली आणि मग उशीवर कोपर टेकून माझ्याकडं बघत राहिली.

"व माय, तुले दुखस का नही?"

"दुखतंय."

"मंग वरड ना! इतली गुपचूप पडेल शे, डागदरले काय सपन पडी का?"

"मला ओरडता येत नाही."

"कितली शिकेल शे तू?"

"एफ.वाय. पास. एस.वाय.ला आहे."

"इतलं शिकनी आन वरडता नही येत?" तिला खरोखर वाईट वाटलं. तिनं तिथल्या तिथं शिकवणी सुरू केली. आधी छाती भरून दम घ्यायचा. मग 'मरनू व माय मरनू'. आवाज पोटातून काढायचा, घशातून काढला की घसा बसतो आणि डागदरला खोटं वाटतं. शेवटाला सूर खाली सोडायचा, म्हणजे आता गेलीच असं वाटतं. मी करून बघितलं. पहिल्यांदा वर्गात शंका विचारल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा प्रार्थनेसारखं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आसं कोनी मरत नही, माय."

मग एक कळ अशी आली की शिकवणी आणि दुखणं एकत्र झालं आणि मी ओरडले. खरं ओरडले. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेच डॉक्टर आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "अरे, हिला तर खरंच दुखतंय," आणि सिस्टरला कपाटातलं इंजेक्शन काढायला सांगितलं. समोरच्या कॉटवरून मुतखडेवाल्या बाईनं मला हातानं खूण केली, पास.

त्यानंतर मी दवाखान्यात जाण्याची माझी पद्धत सुधारली. आईची विटकी साडी नेसायची. केस सोडायचे. काय झालं विचारलं की 'हाडं लय दुखत्यात, सायेब'. मागच्या वेळी काय दिलं विचारलं की 'म्हाईत नाय, ते झोपेचं'. सिकलसेल हा शब्दही आपण उच्चारायचा नाही. कागद पुढं करायचा आणि डॉक्टरांना तो स्वतः शोधू द्यायचा, म्हणजे त्यांना बरं वाटतं. अंगठा देण्यापर्यंत मात्र मी कधी गेले नाही. सही मराठीतच करायची, पण सावकाश, अक्षर जुळवल्यासारखी. एवढा अभिमान ठेवला.

बी.ए. झाले, परीक्षा देऊन नाशिकलाच सरकारी ऑफिसात लागले. टेबल, खुर्ची, पंखा, लोक 'मॅडम' म्हणतात. एकदा बॅग तपासायला लावणारे तेच डॉक्टर कुठल्याशा दाखल्यासाठी माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, मी इस्त्रीच्या साडीत होते. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा लवकर झालं तर बरं, कंबर धरलीय, उभं राहवत नाही." ते ओरडले नाहीत, रडले नाहीत, शुद्ध मराठीत बोलले. मी लगेच विश्वास ठेवला आणि बसायला खुर्ची दिली.

हळूहळू आमच्याकडचे लोक माझ्याकडं यायला लागले. कुणाचा मुलगा, कुणाची सून, द्राक्षबागेत कामाला आलेलं कुणीतरी थंडीत आखडून गेलेलं. जीपमधून उतरायचे आणि पत्ता विचारत ऑफिसात यायचे. पाड्यावरची शिकलेली बाई, दवाखान्यात बोलेल, असा त्यांचा विश्वास. बोलून काय होतं ते मला माहीत होतं. मी त्यांना बोलायचं नाही तेच शिकवायची. ऑफिसच्या कपाटात फायलींच्या मागं मी माझी विटकी साडी ठेवलेली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, साडी बदलायची आणि पेशंटबरोबर अडाणी आत्या, अडाणी मावशी, जे लागेल ते होऊन जायचं. रिक्षात बसल्या बसल्या शिकवणी. या लोकांना पहिल्यांदा फार जड जायचं. साऱ्यांच्याच घराला गोठा लागून. पण दुखणं चांगला मास्तर आहे.

याचा परिणाम काय झाला तेही सांगते. काही वर्षांनी त्या दवाखान्यातले एक डॉक्टर मला, म्हणजे विटक्या साडीतल्या मला, वैतागून म्हणाले, "तुमच्या डोंगराकडच्या लोकांना जरा म्हणून सोसत नाही. टाचणी लागली तरी गाव गोळा करता." मी मान खाली घातली. मास्तरला वर्गाचा निकाल चांगला लागल्यावर जे वाटतं ते मला वाटत होतं, आणि रागही येत होता. दोन्ही एकदम.

माझ्या भावाची मुलगी आश्रमशाळेत अकरावीला होती तेव्हाची गोष्ट. तिलाही तोच आजार. जानेवारीच्या एका दुपारी भावानं तिला जीपमधून ऑफिसच्या दाराशी आणलं. ती मागच्या सीटवर आडवी होती, ओठ पांढरे, पायाची बोटं आत वळलेली. मी ती बोटं बघितली आणि मला पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही. साडी बदलली, जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि शिकवायला लागले.

"आत्या, मला लाज वाटते," ती म्हणाली.

"लाज पाड्यावर ठेवून यायची. दम घे. पोटातून. आणि मी 'थांब' म्हणेपर्यंत थांबायचं नाही, डॉक्टर काही म्हणू देत."

"दादा हसतील," ती वडिलांकडं बघून म्हणाली. भाऊ हसत नव्हता. तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याचे डोळे भरलेले होते.

त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात आता नवीन डॉक्टर होत्या. बाई, तरुण, भूलतज्ज्ञ. दुखण्यावरच्या औषधांचं वेगळं शिक्षण मुंबईला घेऊन आलेल्या, असं नंतर कळलं. भाची ठरल्याप्रमाणं ओरडत होती. चांगलं ओरडत होती, मला अभिमान वाटला. डॉक्टर धावत आल्या नाहीत, चालत आल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि कॉटला टेकून बसल्या. दवाखान्यात इतकी वर्षं गेले, डॉक्टर बसलेले मी पहिल्यांदा बघितले.

"सिकलसेल आहे ना?" त्यांनीच विचारलं. "आधी असं झालं होतं तेव्हा कोणतं औषध लागू पडलं?"

भावानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "म्हाईत नाय बाई."

"आठवा ना जरा. मला त्याचा उपयोग होईल."

इतक्या वर्षांत त्या नावाचा कुणाला उपयोग झाला नव्हता. माझ्या जिभेवर आलं होतं. पण सवय लागते म्हणतात ती अशी. मी म्हटलं, "ते झोपेचं."

त्या रागावल्या नाहीत. सिस्टर किल्ली घेऊन आल्या, कपाट उघडलं, वहीत सह्या झाल्या. मॉर्फिन होतं. डॉक्टरांनी ते एकदम दिलं नाही. थोडंसं शिरेतून सोडलं, मग तिच्याकडं बघत बसल्या. "आता कसं वाटतंय?" भाची ओरडली. पुन्हा थोडं सोडलं. "आता?" ती पुन्हा ओरडली, शेवटाला सूर खाली सोडून, अगदी शिकवल्यासारखी.

माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. बोटं सुटली होती. झोपलेल्या माणसाची असतात तशी, बाजूला कललेली. पापण्या जड होऊन खाली येत होत्या आणि दोन ओरडण्यांच्या मधला श्वास लांब, फार लांब होत चालला होता. दुखणं ओसरीवर गेलं होतं. ती ओरडत होती ती केवळ मी 'थांब' म्हटलं नव्हतं म्हणून. आमच्याकडची पोरं सांगितलेलं ऐकतात.

डॉक्टरांनी सिस्टरला श्वास मोजायला सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "अजून एवढं दुखतंय?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी पुन्हा सिरिंज उचलली. जन्मात पहिल्यांदा भेटलेली ही डॉक्टर आमच्या माणसाच्या ओरडण्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी निघाली, आणि त्या विश्वासापायी पोरीचा श्वास बंद पडायची वेळ आली होती.

मी म्हटलं, "थांब."

रेडिओचं बटण बंद करावं तशी भाची गप्प झाली. वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली. डॉक्टर सिरिंज हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"मॅडम, तिला आता आणखी देऊ नका," मी म्हटलं. विटक्या साडीतून रेडिओची मराठी बाहेर पडत होती, ती मलाच विचित्र वाटली. "पायाची बोटं बघा, सुटलीत. दुखणं कमी झालंय. औषध चढतंय. ओरडायला मी शिकवलं होतं."

"शिकवलं होतं? का?"

"ते तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्या आधीच्यांसाठी होतं."

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. भाचीला हाक मारली, गालावर थापट्या मारल्या, तिला डोळे उघडायला लावले, मोठा श्वास घ्यायला लावला. ऑक्सिजनची नळी नाकाशी आली. ते सगळं नीट झाल्यावरच माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण आहात नक्की?"

"आत्या. बी.ए. आहे, सरकारी नोकरीत आहे. मलाही हाच आजार आहे. आणि मघाशी विचारलंत ना, मला लागू पडलेल्या औषधाचं नाव पेथिडिन."

"पोरीचा जीव गेला असता."

"हो."

"आणि तुम्ही हे इतक्या शांतपणे सांगताय?"

"आमच्या घरात असंच सांगतात, मॅडम. ओरडणं बाहेरून शिकलो."

कान लाल झाले होते त्यांचे. मग पुन्हा स्टुलावर बसल्या आणि भाचीला म्हणाल्या, "आता मला खरं सांग. कुठं दुखतंय आणि किती?"

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांग. यांना खरं सांग." तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं ग्लानी आली. पण ती विचार करत होती. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नव्हता. शेवटी म्हणाली, "पाय दुखायचे थांबले. पाठ आहा अजून. मघासारखी नाय. मघा करवत होती, आता नुसतं ओझं."

डॉक्टरांनी तिच्या पाठीखाली हात घालून बघितलं. "बरं. ओझं पण कमी करू. पण सावकाश. मला विचारल्याशिवाय ओरडायचं नाही." मला म्हणाल्या, "आणि तुम्ही. माझ्या वॉर्डात ही शिकवणी चालणार नाही. दुखतंय तेवढंच सांगायचं, ना कमी ना जास्त." मी हो म्हटलं. खरं सांगते, पदवीदानाच्या दिवशीही मला एवढं बरं वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या दर थोड्या वेळानं येऊन बसत होत्या, विचारत होत्या, आणि भाची मोजून मापून उत्तर देत होती. तिला ते आवडायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जायच्या तयारीनं, इस्त्रीच्या साडीत वॉर्डात गेले. भाचीची वेणी घालून दिली. पाठ अजून भरलेली आहे म्हणाली, मधूनच कळ येते, पण सोसेल. डॉक्टरबाई दुपारी येणार होत्या. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा राउंड आला. सोबत पाच-सहा शिकाऊ मुलं. दाराजवळच्या कॉटपासून ते सुरुवात करत आमच्याकडं येत होते, आणि दुरूनच त्यांनी भाचीकडं बघितलं. वेणी घातलेली, बसलेली, गप्प मुलगी.

"ती बरी दिसतेय," ते सिस्टरला म्हणाले. "कालचं ते कडक औषध बंद करा. सवय लागते. आज घरी सोडा."

भाचीनं माझा पदर ओढला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, हे कोणते? खरं सांगायचे, का ओरडायचे?"

माझ्याजवळ विटकी साडी नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी ताठ झालेली होती, पायाची बोटं पुन्हा वळायला लागली होती.

"आधी खरं सांग," मी म्हटलं.

मोठे डॉक्टर कॉटपाशी आले. "काय गं, बरं आहे ना आता?"

"पाय बरे आहेत, सर," ती म्हणाली. रेडिओसारखी मराठी, माझीच. "पाठ अजून दुखते. काल रात्रीपेक्षा जास्त, पण काल दुपारपेक्षा कमी. मॉर्फिननं आराम पडला होता."

शिकाऊ मुलांपैकी एकजण हसला. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, "नाव पाठ आहे वाटतं," असं सिस्टरला म्हणाले आणि पुढच्या कॉटकडं वळले.

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तिनं दोन्ही हातांनी कॉटची कड धरली आणि छाती भरून दम घेतला.